विहिरीत उतरण्याआधीचा फोन

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. विषय त्या बाजूला वळायला लागला की मी आपला गव्हाच्या भावावर नाहीतर गुडघेदुखीवर बोलायला लागायचो. पण दर हिवाळ्यात, गव्हाला पाणी सुरू झालं की ती आतून वर यायची. होळीपर्यंत मी तिला कशीबशी दाबून धरायचो. उन्हाळा लागला, रानं उघडी पडली, की सुटल्यासारखं वाटायचं. यंदाही गव्हाला पाणी सुरू झालंय, आणि यंदा दाबून धरायला अंगात जोर नाही. बोलून हे काम होत नाही, हे आता मला कळलंय. म्हणून लिहितोय.

परभणीत आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज फोनमधल्या बाईचा असतो. "आपली मोटर चालू झाली आहे." आवाज मोठा गोड, मराठी एकदम शुद्ध. ही बाई कोण, कुठली, कुणाला ठाऊक. दूधवाला येण्याआधी, बायकोची आंघोळ व्हायच्या आधी ती बोलते. आमच्या घरची तिला 'तुमची ती' म्हणते. "उठा, तुमची ती बोलायली." मी गोधडीतूनच हात बाहेर काढतो, फोन बंद करतो आणि कूस बदलतो. तिकडे पेडगावच्या बाजूला, माझ्या वावरात, गव्हाच्या मुळाशी पाणी जायला लागलेलं असतं. तिथं धुकं आहे की नाही, दव किती पडलंय, गहू पिवळा मारतोय का, यातलं मला काही दिसत नाही. तरी पाणी देणारा मीच. कागदोपत्री शेतकरीही मीच.

मोटर खरं तर मीही लावत नाही. ती मुलगा पुण्यातून लावतो. तो ऑफिसला निघताना लिफ्टमध्ये बटण दाबतो. त्याच्या फोनमध्ये मोटर आहे, पाऊस आहे, वाऱ्याचा वेग आहे, आखाड्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रसुद्धा आहे. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातली राहायची जागा. पत्र्याचं छप्पर, पुढं बैलांची दावण, एक बाज. दावणीला आता बैल नाहीत. कॅमेऱ्यात दिवसभर एक रिकामी बाज दिसते आणि कधीतरी तिच्यावरून कुत्रं चालत जातं. मुलगा म्हणतो, "अण्णा, सगळं कंट्रोलमध्ये आहे." खरंच आहे. मी त्याला काय सांगणार?

थंडीतलं पाणी देणं ज्यानं केलंय त्यालाच ते कळतं. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. काळी माती वरून भेगाळलेली. पहिलं पाणी भेगेत शिरलं की आतून बुडबुड असा आवाज येतो, तहानलेलं ढोर पाण्याला तोंड लावतं तसा. मग वास येतो. तो वास पावसाच्या मातीचा नाही. थंड, जड, थोडासा लोखंडासारखा. पाय घोट्यापर्यंत चिखलात, बोटं बधिर. हातात फावडं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. तेवढ्यात मागचा बांध फुटायचा. पळत मागं जायचं. पाण्याच्या पुढं पुढं बगळे चालायचे, एकेक पाय मोजल्यासारखा टाकत. भेगांतले किडे बाहेर आले की टिपायचे. शेजारी हरभरा असायचा. त्यातून पोटऱ्या घासत गेलं की पानांवरची आंब अंगाला लागायची, आणि नंतर ओठ पुसावेत तर ओठ आंबट. ऊन चढलं की ज्वारीच्या कडेला कुणीतरी आगटी पेटवायचं. हुरडा भाजायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची, तोंडात टाकायचा. चटणी असली तर ठीक, नसली तरी ठीक.

या सगळ्यात माझ्याबरोबर बळीराम असायचा.

बळीरामचं वावर आणि माझं वावर एकमेकांना लागून. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विहीर, दोघांची सामाईक. मोटरही एकच, दोघांनी मिळून घेतलेली. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. तो माझ्यापेक्षा चारदोन वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायचा आणि 'तुमी' म्हणायचा. मी त्याला लहानपणापासून अरेतुरे. माणूस अतिशय सावध. कुठलीही गोष्ट दोनदा विचारायचा. बैल बांधला का? नीट बांधला का? दार लावलं का? कडी घातली का? गावात त्याची यावरून फार थट्टा चालायची. पारावर कुणीतरी म्हणायचं, "बळीरामनं लग्नातबी नवरीला दोनदा नाव इचारलं म्हनं." तो म्हणायचा, "मंग? बदलून दिली असती तर तुमी भरून दिली असती का?" आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

विहिरीचं काम मात्र कुणी थट्टेवारी नेत नसे. मोटरचा स्टार्टर आखाड्यावर, विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, पण मध्ये ज्वारी उभी. दिसायचं काही नाही. त्यामुळे सगळं हाळीवर चालायचं. पाणी देणारा लांबून ओरडायचा, "लाव रे!" आणि स्टार्टरपाशी उभा असलेला ओरडायचा, "लावतो!" विहिरीत कुणाला उतरायचं असलं, केबल सोलली, पाइप निसटला, गाळ आला, तर उतरणारा काठावरून हाळी द्यायचा: "उतरायलो रे!" स्टार्टरपाशी माणूस असायचाच. तो म्हणायचा, "उतर!" त्यानं 'उतर' म्हटलं की तो तिथं बांधला गेला. वर आलेला माणूस "निघालो" म्हणेपर्यंत तो जागचा हलत नसे. लघवीलासुद्धा जात नसे.

शहरातल्या माणसाला वाटेल, फ्यूज काढून ठेवला की झालं, एवढं अवडंबर कशाला. तेच तर सांगायचंय. स्टार्टरपाशी माणूस उभा असताना फ्यूज काढून खिशात घालणं आमच्याकडे फार वाईट दिसायचं. त्याचा अर्थ, तुझ्या 'उतर' म्हणण्यावर माझा भरवसा नाही. एकदा माझ्या चुलत्याच्या हाताखाली नवीन आलेल्या एका सालगड्यानं असा फ्यूज काढला होता. चुलता त्याच्याशी आठ दिवस बोलला नाही. एवढा सावध बळीराम, दहा वेळा कडी बघणारा, त्यानंही माझ्यासमोर कधी फ्यूज काढला नाही. मी 'उतर' म्हटलं की तो पायऱ्यांवरून खाली जायचा. दगडी विहिरीतून त्याचा खोकला ऐकू यायचा, तंबाखूची पिंक टाकल्याचा आवाज यायचा, आणि मी वर स्टार्टरपाशी उभा. अशी आमची किती वर्षं गेली.

मग ते यंत्र आलं. स्टार्टरच्या पेटीला जोडायचा एक डबा, त्यात फोनमध्ये असतं तसं सिमकार्ड. आपल्या फोनवरून त्या नंबरला फोन लावायचा, एक बटण दाबायचं, मोटर चालू. पुन्हा दाबायचं, बंद. लाइट आली की तीच बाई फोन करून सांगणार, लाइट गेली तरी सांगणार.

आजच्या पोरांना त्याचं कौतुक कळायचं नाही. लाइट आमच्या आयुष्याची मालकीण होती. ती कधी येईल त्यावर आमचं उठणं, जेवणं, पाहुण्याकडे जाणं ठरायचं. अक्षता पडायच्या आणि मांडवातले निम्मे पुरुष, "लाइट आली" म्हणत पायात चपला घालून पळायचे. माझ्या थोरल्या भावाच्या बाराव्यालाही मी पंगतीतून उठून मोटर लावायला गेलोय. त्या डब्यानं मला यातून सोडवलं. खोटं कशाला बोलू? तो बसवला त्या वर्षी मी परभणीत घर भाड्यानं घेतलं. बायकोच्या दम्याला दवाखाना जवळ आला. मी सकाळी चहा पीत पाणी देऊ लागलो. हळूहळू वावरात जाणं आठवड्यातून दोनदा झालं, मग एकदा. त्याची सवय इतकी गोड असते की कधी लागली ते कळत नाही.

डबा बसवायचं मी ठरवलं, निम्मा खर्च बळीरामनं दिला, पण फोन माझा. त्याला बटणं दाबायला जमत नव्हतं. त्याची पाळी असली की तो मला फोन करून सांगायचा आणि मी परभणीतून मोटर लावून द्यायचो. गावात दोघांचीही थट्टा झाली. "अण्णा, फोनवर म्हशीचं दूध काढता येतंय का बघा," असं एक जण म्हणाला. बळीराम मात्र त्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिला होता. मग म्हणाला, "अण्णा, ह्याला हाळी कशी द्यायची?"

"कशाची हाळी?"

"इहिरीत उतरायचं असलं तर. हितं उभं कोन ऱ्हानार?"

मी म्हटलं, "मला फोन करायचा. मी 'उतर' म्हटलं की उतरायचं. मी परभणीत असलो तरी स्टार्टरपाशीच आहे असं समज."

"तुमी ध्यानात ठिवताल न्हवं?"

"हो रे."

"नक्की न्हवं?"

"दोनदा विचारू नकोस," मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो.

पुढचा हिवाळा चांगला होता. गहू कमरेला लागला होता, ओंब्या भरत होत्या. माझ्या मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत. व्याही-विहीण लातूरकडून आमच्याकडे परभणीला जेवायला येणार होते. सकाळी मी बाजारात गेलो. वाणाला ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, असं सगळं हवं होतं. हरभऱ्याच्या वावराचा मालक मी, आणि घासाघीस करून घाटे विकत घेत होतो. रस्त्यावर सुगडी मांडलेली, बायकांची झुंबड, लाउडस्पीकर. त्यात फोन वाजला.

"अण्णा, बळीराम बोलतोय. ऐकू यायलंय का?"

"बोल."

"इहिरीतली केबल सोलली हाय. मी आज उतरायलोय. मोटर लावू नका."

"बरं."

"लावू नका बरं का. दुपार व्हईल. वर आलो की फोन करतो."

"अरे हो रे बाबा. उतर."

मी 'उतर' म्हणालो. हे मला जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं आयुष्यातलं दुसरं काही ऐकू येत नाही. मग मी घाट्यांच्या जुड्या पिशवीत भरल्या.

जेवण उत्तम झालं. पुरणपोळीवर तूप, व्याही खूश. पान खाताना ते म्हणाले, "अण्णा, फोनवर मोटर चालू होते म्हणतात, ते खरं का हो? आमच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही." मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. अंगावर मुलीनं आणलेला नवा सदरा. फोन काढला, आवाज मोठा केला, सगळ्यांच्या मध्ये धरला आणि बटण दाबलं. थोडा वेळ शांतता. मग ती बाई बोलली, "आपली मोटर चालू झाली आहे." विहीणबाई "अगबाई!" म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "मला पुन्हा ऐकवा ना." मी मोटर बंद केली आणि पुन्हा चालू केली.

बळीरामचा फोन मला तेव्हा आठवला नव्हता. यात मी काही लपवत नाही. सकाळचा बाजार, पाहुणे, पोळ्या, कौतुक, या सगळ्याखाली तो बुडून गेला होता. आखाड्यावर उभा असतो तर विसरायला जागाच नव्हती. विहीर जवळच असते, पाण्यावरून त्याचा खोकला येतो. सतरंजीवर बसलेल्या माणसाला कुणाचा खोकला ऐकू येणार?

दोनपैकी कोणत्या वेळी त्याच्या हातात ती केबल होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

बळीरामचा मुलगा गजानन धुऱ्यावर गवत कापत होता म्हणून बळीराम वाचला. आवाज ऐकून गजानन धावला आणि मोटर चाललेली बघून त्यानं आधी आखाड्यावर पळत जाऊन फ्यूज ओढला. करंटनं बळीरामला मागे फेकलं होतं. पायऱ्यांच्या दगडावर आपटून तो पाण्यात पडला. खांदा निखळला, तळहात भाजला, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्याचा फोन विहिरीत गेला. परभणीच्या दवाखान्यात आणल्याचा निरोप आला तेव्हा मला सगळं एकदम आठवलं. व्याही म्हणाले, "चला, मी येतो तुमच्याबरोबर." नको म्हणता येईना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गजानन भिंतीला टेकून उभा होता. पाय चिखलानं भरलेले, फरशीवर त्याच्या पावलांचे ठसे. मला बघून म्हणाला, "अण्णा, मोटर तुमी लावली का?"

"मीच लावली. पाहुण्यांना दाखवायला."

"आबानं तुमाला फोन केलता का? आबा म्हनायलेत, केलता म्हनून."

माझ्यामागे व्याही उभे होते. त्यांच्या घरी माझी मुलगी. गजाननचे डोळे लाल. मी म्हणालो, "नाही."

"फोन न्हाई आला?"

"नाही रे."

तो खाली बसला. कपाळाला हात लावून म्हणाला, "आबाचं डोकं फिरलंय. न सांगता उतरलेत." व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी संडासात जाऊन कडी लावली आणि माझ्या फोनमधली बळीरामच्या फोनची नोंद पुसून टाकली. बोट बरोबर जागी पडलं.

बळीरामला शुद्ध होती. हाताला पट्टी, ओठ सुकलेले. मी खाटेजवळ गेलो तसा म्हणाला, "अण्णा, मी केलता न्हवं फोन?"

मी काही बोलायच्या आत गजाननच म्हणाला, "आबा, अण्णा म्हन्तेत न्हाई आला. कशाला उगी?"

बळीराम माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात संशय असता तर मला सोपं गेलं असतं. मी चिडलो असतो, नाहीतर कबूल तरी केलं असतं. त्यात संशय नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता. माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच्या डोक्यात शोधत होता. शेवटी हळूच म्हणाला, "मंग म्या मनातच केला असंल."

मी म्हणालो, "झोप आता."

करंटचा डोक्यावर परिणाम होतो, असं कुणीतरी म्हणालं आणि गावानं ते धरलं. गाव वाईट नव्हतं. गावाला एक कारण हवं होतं, ते मिळालं. पुढं त्याची थट्टा झाली. कुणी कबूल केलेलं काम विसरला की लोक म्हणायला लागले, "काय रे, बळीरामचा फोन केलतास का?" पारावर हशा व्हायचा. बळीराम तिथं असला तरी व्हायचा. मी असलो तरी. मीही हसलोय. हसलो नसतो तर कुणीतरी माझ्याकडे बघितलं असतं.

हाताची दोन बोटं निकामी झाली त्याचं त्यानं फार केलं नाही. डाव्या हातानं विळा धरायला शिकला. पण दोनदा विचारणारा तो माणूस आता वेगळं विचारायला लागला. आधी विचारायचा, "कडी घातली का?" आता विचारायचा, "म्या कडी घातली का ग?" सुनेला, सुनिताला. ती म्हणायची, "घातली आबा." तरी उठून बघायचा. पुढं पुढं उठायचंही सोडलं. ती म्हणेल ते खरं. बोलता बोलता मध्येच थांबून म्हणायचा, "ह्ये म्या आता बोललो का मनात बोललो?" गजाननला ते सहन व्हायचं नाही. त्यानं मोटर, खत, फवारणी, बियाणं सगळं आपल्याकडे घेतलं. "आबा, तुमी फक्त बसा," म्हणायचा. प्रेमानं म्हणायचा. बळीराम त्यांच्या आखाड्यावरच्या बाजेवर बसायला लागला.

सांगायची संधी आली नाही असं नाही. एका हिवाळ्यात आम्ही दोघं धुऱ्यावर हुरडा खात होतो. सुरती ज्वारी, गोड. त्यानं डाव्या तळहातावर दाणे चोळले, फुंकर मारली, माझ्यापुढं धरले. म्हणाला, "अण्णा, एक इचारू? म्या बाजारातला आवाज ऐकला व्हता. फोनमदी. भोंगा वाजायलता, बाया बोलायलत्या. मनात फोन केला तर भोंगा कुठून आला?"

मी त्याच्या तळहातावरचे दाणे उचलले. तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "यंदा थंडी कमी आहे. गव्हाचं काही खरं नाही."

"व्हय," तो म्हणाला. "कमीच हाय." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. भोंगाही त्यानं मग खोटाच धरला असणार.

माझं मन कधी कधी यंत्राला दोष देऊ बघतं. तो डबा नसता तर मी परभणीत नसतो, विहिरीवर असतो, 'उतर' म्हणून उभा राहिलो असतो. हे खरं आहे. पण संडासात कडी लावून मी जे केलं ते कुठल्या डब्यानं केलं? आणि तरी त्या डब्याशिवाय आता एक दिवस निघत नाही, हेही खरं. मध्ये मी मुलाला म्हणालो, "ते काढून टाकू या, गड्याला ठेवू या." तो म्हणाला, "अण्णा, गडी कुठं मिळतो? आणि नुसतं बटण तर आहे." बरोबर बोलतो. गावात पाणी द्यायला माणूस मिळत नाही. पोरं पुण्याला कंपन्यांत गेली, नाहीतर फोन घेऊन आखाड्यावर पडलेली असतात. पाणी आता ठिबकच्या नळ्यांतून मुळाशी जातं. वाफे नाहीत, फावडं नाही, बांध फुटणं नाही. पाणी कमी लागतं, गहू पूर्वीपेक्षा जास्त होतो, याला नाही कसं म्हणू? बगळे येत नाहीत. त्यांना उघडं पाणीच दिसत नाही. सामाईक विहिरीत दगड पडून ती अर्धी बुजली. दोघांची वेगळी बोअर झाली. मुलगा पुण्यातून एक लावतो, गजानन बाजेवरून दुसरी.

मी अजूनही सकाळी त्या बाईचा फोन आला की गजाननला फोन लावतो. "तिकडे बोअरजवळ कुणी काम करत नाही ना?" तो कंटाळून म्हणतो, "अण्णा, रोज काय इचारताव? आता इहिरीत कोन उतरायलंय?" मग आतल्या कुणाला तरी सांगतो, "अण्णाबी आबासारखंच करायलेत बघ." फोन चालूच असतो, मला सगळं ऐकू येतं.

या पौषात मी ठरवून गेलो. एसटीनं फाट्यापर्यंत, तिथून पायी. वाक्य घरून तयार करून नेलं होतं. रस्त्यात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. दोन्ही बाजूंना गहू, हिरवागार, सगळा सारख्या उंचीचा. माणूस एकही नाही. कुठंतरी मोटरची घरघर, पण लावणारा कुठं बसलाय ते कळायला मार्ग नाही.

बळीराम अंगणात उन्हात बसला होता. खांद्यावर घोंगडी. मला बघून चेहरा फुलला. ओळखलं लगेच. "या अण्णा, या. सुनिता, अण्णा आलेत, च्या टाक." मग जरा थांबून आत ओरडला, "सुनिता, म्या च्या पिलो का ग सकाळी?"

"दोनदा पिलाव आबा," ती आतून हसून म्हणाली.

"मंग मला अर्धाच."

मी त्याच्याजवळ बाजेवर बसलो. ती भांडी घेऊन मागच्या दारी गेली. आवाज लांब गेला. मी म्हणालो, "बळीराम, तुला एक सांगायचंय. त्या संक्रांतीला तू विहिरीत उतरायच्या आधी मला फोन केला होतास. मनात नव्हे. खरोखर. मी उचलला होता. मी बाजारात होतो. 'उतर' म्हणालो होतो."

वाक्य संपलं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं वाक्य इतक्या लवकर संपेल असं वाटलं नव्हतं. तो ऐकत होता, मान थोडी कलती करून, लहानपणी मास्तरांपुढं उभा राहायचा तशी.

"तुमी म्हन्ताव तर केला असंल," तो म्हणाला.

"मी म्हणतो म्हणून नाही रे. तू केला होतास. मी खोटं बोललो. गजाननशी, तुझ्याशी. तुझं डोकं चांगलं होतं, बळीराम. चूक माझी होती."

त्यानं इकडेतिकडे बघून खात्री केली की सून जवळपास नाही. घोंगडीतून तो वाकड्या बोटांचा हात बाहेर काढून त्यानं माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "अण्णा, लय इचार करू नका. वय झालं की व्हतं असं. मलाबी न झालेल्या गोष्टी झाल्यावानी वाटतेत. पर कुनापाशी बोलू नका. पोरं हसतेत."

"तसं नाही, बळीराम—"

"म्या न्हाई सांगत कुनाला. तुमी घाबरू नका."

'मला माफ कर' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण आता ते म्हटलं असतं तर त्यानं मला आणखी जवळ ओढून घेतलं असतं, आणखी समजूत घातली असती. सुनिता चहा घेऊन आली. त्यानं तिच्याकडे बघून काही झालंच नाही असा चेहरा केला, माझ्यासाठी. आणि हात मात्र माझ्या गुडघ्यावर तसाच ठेवून मला धीर देत राहिला.